पॅकहाऊसचं गार पाणी

निफाडच्या थंडीचं कौतुक पेपरवाल्यांना. पारा चारावर आला की त्यांना शेकोट्या दिसतात, कानटोप्या दिसतात, द्राक्षाच्या पानावर गोठलेलं दव दिसतं. सिंधुबाईला त्या थंडीत फक्त स्वतःची बोटं दिसायची. डिसेंबर लागला की अंगठ्याच्या पेरापासून सुरुवात व्हायची आणि संक्रांतीपर्यंत दोन्ही हात असे फुटायचे की भाकरी थापताना पिठात रक्ताचा ठिपका उमटायचा. त्याचं कुणाला काही नव्हतं. बाईमाणसाचे हात, ते फुटायचेच, असं सासू म्हणायची आणि दवाखान्यातला डॉक्टरही तेच म्हणायचा.

२००४ साली तिला गावाबाहेरच्या पॅकहाऊसमध्ये काम लागलं आणि हात ही एकदम बघण्याची गोष्ट झाली. तिथून द्राक्षं बोटीनं परदेशात जायची. सकाळी दारातच सुपरवायझर ज्ञानेश उभा असायचा. शेतीचं कॉलेज शिकलेला, पंचविशीचा पोरगा. बायांनी ओळीनं हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. भेग दिसली की तो म्हणायचा, "मावशी, आज घरी." मावशी म्हणायला मात्र चुकायचा नाही.

बरं, भेगांवर काही लावावं, तर तेल, क्रीम, व्हॅसलिन सगळ्याला बंदी. द्राक्षाच्या मण्यावर पांढरट पावडर असते, ती माल ताजा असल्याची खूण. चिकट बोट लागलं की ती पुसली जाते आणि मणी शिळा दिसतो. म्हणजे हात कोरडेही हवेत आणि फुटायलाही नकोत. असे हात देवानं जाहिरातीतल्या बायकांना दिले असतील, निफाडात कुणाला दिले नव्हते.

तीनदा परत पाठवलेल्या बाईची जागा दुसरीला जायची. सिंधुबाई दोनदा परत आली होती. आणि ही जागा तिला सोडायची नव्हती. वीस वर्षं लोकांच्या रानात वाकून काढल्यावर पहिल्यांदा तिला बसायला स्टूल मिळालं होतं, डोक्यावर पत्रा मिळाला होता. घड हातात घेऊन बारीक कात्रीनं खराब मणी असे काढायची की घडाला कळू नये. पहिलं टेबल तिचं होतं. ते टेबल आपलं आहे, हे ती मनातल्या मनात रोज एकदा म्हणायची.

तिसऱ्या वेळेची पाळी येऊ नये म्हणून तिनं शेजारच्या, पॅकहाऊसमध्येच कामाला असलेल्या कलाबाईचा सल्ला घेतला. कलाबाईकडे टाचांच्या भेगांचा जुना उपाय होता. मेण आणि कोकमतेल एकत्र कढवायचं आणि गरम गरम भेगेत भरायचं. टाचेला चालतं ते बोटाला का चालणार नाही? सिंधुबाईनं पहाटे चुलीवर वाटी ठेवली, एकेक भेग भरली, वरून फडक्यानं घासून घेतली. हात असे गुळगुळीत झाले की ज्ञानेशनं पालथे-उताणे करून तिला आत सोडलं. ती मनात म्हणाली, जिंकलं.

दुपारपर्यंत बोटांच्या उबेनं मेण सुटलं. तिच्या टेबलावरची एक अख्खी पेटी तेल चोपडल्यासारखी चमकत होती. माल तपासणाऱ्यानं ती सगळ्यांसमोर बाजूला काढली. ज्ञानेशनं तिला बाहेर बोलावलं, आणि ओरडला असता तर परवडलं असतं, पण त्यानं समजावून सांगितलं. ही तिसरी वेळ, तरी एक शेवटची संधी. भेगा भरून आल्या तर आठ दिवसांनी या, नाहीतर टेबल दुसरीला. सोबत एक झेरॉक्स दिली, 'थंडीत हातांची काळजी'.

सिंधुबाई सातवी शिकलेली. घरी येऊन तिनं तो कागद दोनदा वाचला. कोमट पाण्यानं हात धुवावेत. कपड्याच्या साबणानं धुऊ नयेत. धुतल्यावर हात टिपून घ्यावेत. झोपताना ओलसर हातावर तेल लावून वर कापडी मोजे घालावेत. तिला हसूच आलं. पण टेबल हातचं जायला आलं होतं. तिनं धुण्याचा साबण पोरीकडे दिला, बंबाच्या पाण्यानं हात धुतले, रात्री कोकमतेल लावून नवऱ्याचे पायमोजे हातात चढवले. पोर, दिशा, पोट धरून हसली. आई आता पायानं भाकरी थापणार का, म्हणाली. सिंधुबाईनं मोज्यासकट एक धपाटा घातला.

पाचव्या दिवशी भेगांच्या कडा मऊ पडल्या. आठव्या दिवशी हात भरून आले. आणि त्याच दिवशी, भाकरी थापता थापता, तिचं डोकं फिरलं. थंडी तीच होती, बाहेर तेवढंच गोठत होतं, धुणं सोडलं तर घरचं काम तेवढंच होतं. मग इथे हात भरतात आणि तिथे फुटतात कसे? पॅकहाऊसमध्ये दिवसातून सहा वेळा हात धुवावे लागायचे, रात्रभर उघड्यावर गारठलेल्या टाकीच्या पाण्यानं, वर जंतू मारायचं औषध घातलेलं. म्हणजे हात फोडायचे त्यांनी आणि घरी जायचं हिनं. एवढे दिवस ती त्या भेगा लपवत होती. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशनं तिचे हात बघितले आणि खूश झाला. बघा, कागदाप्रमाणे केलं की फरक पडतो, म्हणाला. ती आत गेली, बेसिनपाशी थांबली आणि नळाला हात लावला नाही. मागे रांग थांबली. ज्ञानेश आला, तेव्हा तिनं कागद उघडून पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

"मावशी, ते घरासाठी आहे," तो म्हणाला.

"घरी धुते तेच हात इथं आणते मी. दुसरे नाय माझ्याकडं."

त्यानं नियम सांगितला. हात धुवा नाहीतर घरी जा. मागून कलाबाई कुजबुजली की हात दाखवून अवलक्षण कशाला, गप धू. टेबल समोर दिसत होतं, स्टूल रिकामं होतं. पण सिंधुबाई हलली नाही.

"मी सहा वेळा धुते," ती म्हणाली. "तुम्ही एकदा धुवा. मग मी जाते घरी."

कुणी हसलं नाही. चाळीस बाया बघत होत्या आणि बाहेर माल उतरत होता. ज्ञानेशनं बाह्या वर केल्या आणि नळ सोडला. त्याच औषधाच्या पाण्यानं, बोटांच्या फटी चोळून, नियमाप्रमाणे पुरतं मिनिटभर. हात बाहेर काढले तेव्हा ते लाल झाले होते. त्यानं ते पँटला पुसले आणि कोमट पाण्याचं विचारायला मालकाला, शेठना, फोन लावायला गेला.

शेठचं म्हणणं, गॅस कोण जाळणार. सिंधुबाईनं निरोप पाठवला की मागच्या बांधावर छाटणीच्या काड्यांचा ढीग वाळतोय, तो जाळा. त्यावर पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात एकाही बाईनं हात धुतला नाही, आणि हात न धुता द्राक्षाला शिवायचं नाही हा तर पॅकहाऊसचाच नियम. शेवटी मागे तीन दगडांवर पाण्याचा ड्रम चढला. सिंधुबाईनं त्या कोमट पाण्यानं हात धुतले, टिपले आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश मोटारसायकलवरून उतरून तसाच दारात उभा राहिला. "दाखवा," म्हणाला. सिंधुबाईनं हात पदराखाली घेतले.

"आधी तुमचे."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मग गाडीचे हातमोजे काढले आणि हात पुढे केले. तिनं ते सावकाश पाहिले, पालथे, मग उताणे. उजव्या अंगठ्याच्या पेराला भेग होती. आजची नव्हती, चांगली जुनी होती.

"भेग हाय तुम्हाला," ती म्हणाली. "पण मी नाय पाठवत घरी."

आणि मग तिनं आपले हात पुढे केले.