सुजितच्या कमरेची आकडी

मित्रांनो, मी एक जुनी आकडी आहे. पाडेली नारळ-सुपारी काढायला झाडावर चढतो, तेव्हा कोयता अडकवायला त्याच्या कमरेला मागे लाकडाची आकडी बांधलेली असते ना, तीच मी. मोरूच्या वडिलांनी मला खैराच्या फांदीतून तासले. मोरूने तीस वर्षे वागवले आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर मुलाच्या, सुजितच्या कमरेला बांधले. म्हसळ्याजवळच्या गावातून आम्ही श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत कामाला जातो.

वाडीत विस्तव न्यायचा नाही, हा जुना नियम आहे. खाली वाळक्या झावळ्या पसरलेल्या असतात. मोरूला विडीची तल्लफ आली की बिचारा झाडावरून उतरायचा, कुंपणाबाहेर जायचा आणि झुरके मारून परत यायचा. एवढ्या खटाटोपापायी त्याचे दिवसाला दोन विड्यांवर भागायचे.

सुजितला माणगावात कुणीतरी व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेटची नळी, दिला. त्याला बंदी आहे, पण चोरून मिळतो. त्याला काडी लागत नाही, राख पडत नाही. यात विस्तवच नाही, म्हणजे वाडीत चालतो, असे शहाण्याने स्वतःच ठरवून टाकले. मग ती आंब्याच्या वासाची नळी माझ्याशेजारी पिशवीत येऊन बसली. प्रत्येक पोफळीच्या शेंड्यावर दोन झुरके घ्यायचे आणि शेंडा हलवून झोका घेत, खाली न उतरता पुढची पोफळ पकडायची. दिवसाला तीसेक झाडे व्हायची. त्याची धाप माझ्या दोरीला कळत होती, पण मी सांगणार कुणाला?

गेल्या पौषात शरच्चंद्र मास्तरांच्या वाडीत सुजितने असेच झुरके घेतले आणि झोक्यासाठी अंग झुकवले. तेवढ्यात त्याची छाती धडधडू लागली. हात घामाने निसरडे झाले. मी फार घाबरले. खाली मास्तरांच्या पत्नी पद्माकाकू सुपाऱ्या गोळा करत होत्या.

"काकू, गरगरतंय."

"खाली बघू नकोस. झाडाला मिठी मार. मी इथेच आहे. मुलीचं बारसं कधी करताय?"

"पुढच्या... पुढच्या सोमवारी."

"नाव काय ठेवणार?"

काकू विचारत राहिल्या, तो उत्तरे देत राहिला आणि इंच इंच खाली आला. काकूंनी त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले.

तिथे सुजितने नळीचे सगळे सांगितले. डॉक्टर भार्गवीबाईंनी ईसीजी काढला. "पट्टी ठीक आहे, हे नशीब," त्या म्हणाल्या. "विस्तव नसला तरी त्यात निकोटीन आहे. ते हृदयाला पळवतं, रक्तवाहिन्या आवळतं. हे व्यसन सुटल्याशिवाय झाडावर चढू नकोस. सोडायचा एक दिवस ठरव, घरच्यांना सांग. तल्लफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढ. जमलं नाही तर न लाजता परत ये. औषध आहे, समुपदेशन आहे, सल्ल्यासाठी मोफत फोन क्रमांकही आहे."

मी दोन महिने खुंटीवर धूळ खात होते. सुजित चिडायचा, रात्री कूस बदलत राहायचा. तल्लफ आली की त्याची बायको जनी म्हणायची, "उठा, विहिरीवरून कळशी आणा." त्या दिवसांत घरात एकही भांडे रिकामे राहिले नाही. तरी अकराव्या दिवशी तो घसरला, माणगावहून नवी नळी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी स्वतःच ती घेऊन डॉक्टरांकडे गेला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गोळ्या दिल्या आणि नवा दिवस ठरवायला सांगितले. तो दिवस मात्र त्याने पाळला.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा सुजितने मला खोबरेल चोळून कमरेला बांधले. मोरू मुद्दाम बघायला आला होता. सुजित शेंड्यावर पोचला, घड काढला. पुढची पोफळ हाताच्या अंतरावर होती. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मग सरळ खाली उतरला.

"झोका का न्हाय घेतलास?" मोरूने विचारले.

"अजून तेवढा दम न्हाय, बा. तवर एकेक झाड खालून चढंन."

 मोरूने खाली पडलेला घड उचलून बाजूला ठेवला.

मित्रांनो, मी झिजले तर खैराची दुसरी फांदी मिळेल. तुमच्या छातीत आहे ते एकच आहे, त्याला जपा. आणि कुणी व्यसन सोडत असेल तर पद्माकाकूंसारखे खाली उभे राहा, जनीसारखी कळशी पुढे करा. या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी निम्मी झाडे तशीच राहिली होती, पण सुजितचा एवढा अभिमान मला झोके घेण्याच्या दिवसांतही वाटला नव्हता.