साधी सर्दी

हेरिम तिसऱ्यांदा उठली आणि आतल्या खोलीत डोकावून आली. दाओन तोंड मिटून झोपली होती. सहा वर्षं ही पोर घोरली, शेजारीण भिंत ठोकेपर्यंत घोरली. आठ दिवसांपूर्वी टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढले, पोरीचं घोरणं गेलं आणि आईच्या जिवाला घोर लागला. श्वास चालू आहे ना, हे सारखं बघावंसं वाटे. पण खरं सांगायचं तर आत्ता तिला बाहेर बसायचंच नव्हतं.

बाहेर विमा कंपनीचा तपासनीस ह्वांग बसला होता. त्याच्या शेजारी तिची नणंद मिसुक, पीच सोलत. ही पॉलिसी विकली होती ती मिसुकनेच. गुनसान शहरात अर्ध्या नातेवाइकांचा विमा तिच्याच हातचा.

"पॉलिसी मार्चमधली," ह्वांग म्हणाला. "त्याच्या पंधरा दिवस आधी दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, टॉन्सिल मोठे, लक्ष ठेवा. अर्जात मात्र, तीन महिन्यांत डॉक्टरांनी काही सांगितलं का, तर नाही."

"सर्दी होती हो तेव्हा," मिसुक म्हणाली. "पोरांना काय, बारा महिने सर्दी. घ्या, पीच घ्या."

सकाळी भोपळ्याची पेज घेऊन आली तेव्हाच तिने हेरिमला पढवून ठेवलं होतं. "विसरले म्हण. साधी सर्दी वाटली म्हण. त्यात काय मोठंसं?"

मोठंसं होतं. ह्वांगने फोनवरच स्पष्ट केलं होतं. आई विसरली असेल तर पॉलिसी रद्द. मग दुसरी कंपनी म्हणणार, नाक-घसा सोडून बाकीची पोरगी चालेल. आणि आईने सांगूनही विकणारीनेच लिहू दिलं नसेल, तर पॉलिसी राहील. विकणारीची नोकरी मात्र जाईल. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं मिसुक त्याच नोकरीवर उभी होती. इकडे आड तिकडे विहीर.

"तुमच्या शब्दांत सांगा," ह्वांगने कागद पुढे सरकवला.

टेबलाखाली मिसुकने तिचा गुडघा दाबला. हेरिमला एकदम राग आला. अर्ज भरताना ती दोनदा म्हणाली होती, वन्सं, डॉक्टर टॉन्सिल म्हणालेत, लिहूया. आणि वन्संनी हसत अर्जावर खूण केली होती, 'नाही'पुढे.

"मी विसरले नव्हते," हेरिम म्हणाली. "मी सांगितलं होतं. वन्संना."

मिसुकची सुरी थांबली. गुडघ्यावरचा हात निघाला. ह्वांगने विचारलं, "खरं आहे?"

मिसुकने हात पुसले, ताठ बसली आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "खरं आहे. ग्राहकांनी मला सांगितलं होतं. मीच नको म्हणाले." तिने कागदावर सही केली, रीतीप्रमाणे शेजारी अंगठाही उमटवला.

मग ती दाराशी जाऊन बूट घालू लागली. हेरिम धावली. "वन्सं, अहो, थांबा ना."

मिसुकने मान वर केली नाही. दहा वर्षांत ती हिला अगं-तुगं सोडून बोलली नव्हती.

"पेज गार करूनच द्या हं तिला," ती म्हणाली. "येते मी. तुम्ही बसा."