वरचं तेल

माझी सायकल दोनदा टेम्पोतून घरी आली, तेव्हा ममताने निकाल दिला. "पराग, तिसऱ्यांदा टेम्पो दिसला तर सायकल विकायची." नुसतं बोलून थांबेल ती माझी बायको कसली! पेणकरपाड्याच्या बबन नावाच्या गृहस्थांना तिने रविवारी एक वाजता सायकल बघायला बोलावूनही ठेवलं. मी एकच्या आत चालवत आलो तर त्यांना चहा पाजून परत पाठवणार, नाहीतर सायकल त्यांची.

ही डोंगर चढायची सायकल. मीरा रोडला डोंगर कुठला, म्हणून मी दर रविवारी उत्तनच्या पुढे पालीला जातो आणि ओहोटीच्या वाळूवर फेऱ्या मारतो. निगा राखण्यात मी कुठेही कमी पडत नाही. खिशात तेलाची बाटली असतेच. थांबलो की चेनवर तेल, सिग्नललासुद्धा.

त्या रविवारी साडेदहाला पालीच्या किनाऱ्यावर चेन अडकली. पेडल मारलं की कड्या गोळा होऊन मागच्या चक्रात रुतायच्या. मी काय केलं? आणखी तेल घातलं.

जवळच पीटर अंकल जाळं शिवत बसले होते. साठीचे कोळी, बोटीचं इंजिन स्वतः खोलून बसवणारे. त्यांनी चेनवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"भाऊ, हे तेल न्हाय, वाटण हाय. तेल तुमचं, वाळू आमची."

मला रागच आला. मी शंभर व्हिडिओ बघून शिकलेला माणूस! पण घड्याळ बघितलं आणि राग गिळला.

अंकलनी कापलेल्या बाटलीत डिझेल आणलं, जुना टूथब्रश आणला आणि सायकल उलटी करून बसले. एवढ्यात त्यांच्या बायको कॉनी आंटी घरातून धावत आल्या. शेजारी दोरीवर त्यांचे बोंबील वाळत होते.

"माझ्या बोंबलांना डिझेलचा वास लागला तर गिऱ्हाईक कोन, तू?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वाऱ्याच्या पलीकडं जा."

आम्ही पलीकडे गेलो. अर्धी चेन घासून झाली आणि वारा फिरला. आंटी पुन्हा हजर. मग आम्ही सायकल उचलून देवळाच्या मागे गेलो, तोवर साडेअकरा झाले. फोन खिशात तीनदा वाजला, पण बरबटलेला हात खिशात घालवेना.

चेनमधून निघालेल्या वाळूत एक कुंडी भरली असती. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. अंकलनी प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडला, पेडल फिरवलं आणि लगेच सगळं पुसून काढलं. मी ओरडलोच.

"अहो, पुसताय काय?"

"आत ऱ्हायलं ते चेनचं. वरचं तेल वाळूला खायला घालायचं हाय काय?"

मी नकळत खिशातून बाटली काढली. आंटींनी ती माझ्या हातातून घेतली आणि झग्याच्या खिशात टाकली. परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

बाराला निघालो आणि थेट घर गाठलं. सायकल तर लोण्यातून चालल्यासारखी. बिल्डिंगखाली शिरलो तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. वर जाऊन दार उघडतो तर बबनराव चहा पितायत, आणि सायकलच्या कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्या हातात.

"अगं, मी चालवत आलोय! वेळेत आलोय!"

ममता खाली बघून आली, कुठे टेम्पो नव्हता. बबनरावही खाली गेले, पेडल फिरवून आले आणि म्हणाले, "वहिनी, अशी सायकल असेल तर मी आत्ता नेतो."

"नाही मिळणार," ममता म्हणाली आणि त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली. बिचारे उरलेला चहा पिऊन गेले.

"वेळ झाली नव्हती, तर किल्ली का दिलीस?" मी विचारलं.

"तीन फोन केले, एकही उचलला नाहीस. तू येतोस तेव्हा तुझ्या चेनची खडखड पार चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येते. ती ऐकली की मी कुकर लावते. आज बारापासून कान देऊन बसले होते, आणि काहीच नाही. मला वाटलं कुठे पडलायस. म्हटलं, जाऊ दे ही सायकल घरातून." तिचे डोळे भरून आले होते. "आता ती खडखडही गेली, तर एवढं कर, गेटवर घंटी वाजवत ये."