अक्काची रवी आणि वायपरची मोटार

शके एकोणीसशे शेहेचाळीस, मार्गशीर्ष अमावास्या, सोमवार, सकाळची वेळ; स्थळ किल्लारीच्या शिवारातील एक शेत, कडब्याच्या झोपडीवजा कोपीपुढील सारवलेली जागा. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, पूजेची तयारी झाली होती, पाहुणे बांधावरून येत होते, आणि लातुरातील प्रतिष्ठित भुसार व्यापारी गुरुबसप्पा आंबिलीच्या मडक्याला मिठी मारून त्याच्यासह गोल फिरत होते.

हे कसे घडले ते क्रमाने सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रसंगाविषयी पुढे पुष्कळ असत्य पसरले.

आंबवून शिजवलेल्या ज्वारीच्या पिठात ताक घालून येळवशीची आंबील करतात. गुरुबसप्पांच्या घराण्यात ती शेतातच, पूजेच्या रंगवलेल्या मडक्यात, रवीला दोर गुंडाळून घुसळली जाते, आणि रवी ज्या सुनेच्या हाती असेल तिच्याच हाती राहते. एखाद्या वर्षी दुसरीने घुसळली, तर त्या वर्षापासून रवी दुसरीची. गुरुबसप्पांच्या पत्नी गौरम्मा हा मान लग्नानंतर लवकरच मिळवून बसल्या होत्या. दिवाळीत मात्र फराळाचा डबा काढताना त्या स्टुलावरून पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले, परंतु दोर ओढण्याचे बळ मनगटात परतले नाही.

"अक्का, यंदा मी घुसळते," धाकटी जाऊ अंबिका म्हणाली. "तुमी निस्तं बसून बघा."

"बसून बघायला मी काय पाहुनी हाय का?" गौरम्मांनी विचारले.

त्याच दिवशी गुरुबसप्पांनी घरामागील खोलीत, जिथे त्यांचा पोलादी शिकंजा, करवती आणि ड्रिल यांचा संसार मांडलेला होता, रवी मोटारीवर फिरवण्याचा संकल्प सोडला. शेतात वीज नव्हती. मोटार मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारी, बारा व्होल्टची, डीसीच हवी, इथपर्यंत मतभेद नव्हता. मतभेद नांदेडहून आला. त्याचे नाव रेवणसिद्ध, गौरम्मांचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या पिशवीत दोन मोटारी होत्या.

"दाजी, ही बघा." त्याने मुठीत मावेल अशी चकचकीत मोटार पुढे केली. "मिनिटाला बारा हजार फेरे. नांदेडात समदे हीच नेऊन राहिले."

"आंबील करायची हाय, रेवणसिद्धा. विमान उडवायचं न्हाई."

"मग ही घ्या म्हातारी. जीपच्या वायपरची. मिनिटाला पन्नास फेरे मारती अन् तेवढ्यातच दमती."

"दमत न्हाई. तिच्या पोटात दातेरी चाकं हायेत. ती वेग खातात आणि जोर देतात. आपल्याला काय पाहिजे, वेग का जोर?"

"दोन्ही," रेवणसिद्ध म्हणाला.

या उत्तरावर गुरुबसप्पांनी जे विवेचन केले ते येथे देत नाही. ते चहा दोनदा निवेपर्यंत चालले. अखेर प्रयोग ठरला. लोखंडी बादलीत पाणी भरून रेवणसिद्धने ती दोन्ही पायांत धरली, आणि आधी चकचकीत मोटार लावली. बादलीतील पाणी क्षणार्धात भिंतींवर, छतावर आणि दोघांच्या चष्म्यांवर गेले. मग बादलीत पिठाचा घट्ट काला घातला. आता तीच मोटार जागीच थबकली, गुणगुणली, तापली आणि जळका वास सोडू लागली. वायपरच्या मोटारीने मात्र तो काला हत्तीच्या संथपणाने ढवळून काढला.

"म्हातारीच बरी," रेवणसिद्ध चष्मा पुसत म्हणाला.

निवड बिनचूक होती, असे माझे आजही मत आहे. चूक मोटारीत नव्हती. ती पायांत होती. बादली पायांत धरता येते. पूजेच्या मडक्याला पाय कोण लावणार?

येळवशीला मोटार फळीवर घट्ट आवळून फळी दोन खांबांना बांधली, रवी मोटारीला जोडली, आणि मडके चुंबळीवर ठेवले. रेवणसिद्धने तारा बॅटरीला लावल्या. आंबिलीचे पीठ तळाशी घट्ट दडसून बसले होते. रवीचे पाते त्यात रुतले, आणि रवीने आंबील फिरवण्याऐवजी आंबिलीसकट मडकेच फिरवायला प्रारंभ केला. चुंबळीवर ते मडके एखाद्या नवरीसारखे ठुमकत फिरू लागले.

"धरा," गौरम्मा म्हणाल्या.

गुरुबसप्पांनी धरले, आणि प्रारंभी वर्णिलेली स्थिती उत्पन्न झाली. मोटारीच्या जोराविषयी त्यांनी केलेले प्रत्येक विधान आता त्यांच्या धोतरासह सिद्ध होत होते.

"दाजी, जोर बरा हाय ना?" रेवणसिद्धने विचारले.

"तार काढ, मूर्खा."

अंबिका पदर तोंडात धरून बसली, पण हसू डोळ्यांतून सांडत होते. "अक्का, आता तरी रवी देता का?"

रेवणसिद्धने घाईने तारा ओढल्या, आणि दाजी सावरताच घाईनेच परत लावल्या, पण उलट्या. डीसी मोटार तारा उलटल्या की उलट फिरते. मडके हिसका खाऊन मागे वळू लागले, गुरुबसप्पाही मागे वळले, आणि मडक्यातून 'भक्क' असा आवाज आला. तळाचे पीठ सुटले होते.

गौरम्मा ताडकन उठल्या आणि मडक्यासमोर येऊन बसल्या. दोर ओढताना हात एकदा इकडे जातो आणि एकदा तिकडे. आयुष्यभर त्यांनी हेच केले होते.

"रेवणसिद्धा, बदल तारा."

त्याने बदलल्या.

"आता परत. अहो, तुमी मडकं सोडू नका. परत. हळू, तुझ्या लग्नाची वरात न्हाई. परत."

मग असे दृश्य दिसले की, गौरम्मा मांडी घालून बसल्या आहेत, दुखरे मनगट मांडीवर आहे, आणि त्यांच्या तोंडच्या 'परत' सरशी भाऊ तारा उलटतो आहे, मोटार उलटते आहे, अन् पती मडके कवटाळून डावीकडे उजवीकडे झुलतो आहे. बांधावरचे पाहुणे खाली बसून हसत होते. अंबिकाही आता पदर सोडून हसत होती आणि मध्येच 'परत' म्हणू पाहत होती. रेवणसिद्ध तिचे ऐकत नव्हता. फेस मडक्याच्या काठाशी आला तेव्हा गौरम्मांनी हात वर केला.

"अव्वा, पन हात तर मोटारीचाच की," अंबिका घराण्यातील सर्वांत वृद्ध सासू महामाया अव्वांकडे वळून म्हणाली. "मग रवी कुणाची?"

महामाया अव्वांनी वाटी मागितली. घोट घेतला, दुसरा घेतला, आणि वाटी खाली ठेवली.

"चव दरसालचीच हाय, म्हंजी आंबील हिचीच. रवी गौरम्माकडं राहील."