दाराच्या पोटातली घसरगुंडी

मी एक जुनी घसरगुंडी आहे. पण मित्रांनो, लगेच बागेतली वाळू आणि रांगेतली ढकलाढकली डोळ्यांसमोर आणू नका. मी विमानातली घसरगुंडी. विमानावर संकट आलं की दारातून बाहेर पडायचं, फुगायचं आणि माणसांना जमिनीवर उतरवायचं, एवढंच माझं काम. आणि ती वेळ आलीच नाही, तर जन्मभर दाराच्या पोटात घडी होऊन पडून राहायचं.

सोफिया शहराच्या विमानतळामागच्या शेडमध्ये पेन्का नावाच्या बाई माझी घडी घालत. मला फरशीवर पसरून गुडघ्यांनी दाबत दाबत हवा काढत आणि पुटपुटत, "बस गं बाई गुमान आत. तुझं तोंड कधी कुणाला दिसायला नको." मला भारी राग यायचा. पोरीला कामाला लावताना असा आशीर्वाद देतात का कुठे? मग त्या मला डब्यात कोंबत, डबा दाराच्या खालच्या अंगाला बसवत आणि माझा अंधार सुरू होई.

किती वर्षं गेली कोण जाणे! अंग आखडून जाई, कूस बदलायची सोय नाही. दिसत काहीच नसे, ऐकू मात्र सगळं येई. माझं दार शेपटीकडचं, डाव्या हाताचं. त्याच्याजवळच विमानातल्या मुली बसत. त्यातली कालिना इथलीच, मुरलेली आणि तोंडाने फटकळ. तिचं दार माझ्या समोरचं, उजव्या हाताचं. माझं दार मातिल्दकडे होतं. ती पोर्तुगालहून नुकतीच आली होती.

"तुमची माणसं अजबच आहेत गं," मातिल्द एकदा म्हणाली. "कॉफी देऊ का विचारलं की नाही म्हणतात, आणि मी पुढे गेले की तोंड पाडून बसतात."

"नाही कुठे म्हणतात, वेडाबाई? आमच्यात मान डावीकडे-उजवीकडे हलवली म्हणजे हो. वरखाली केली म्हणजे नाही."

"उलटंच की!"

"उलटं तुमचं. आमचं सरळच आहे."

दोघी हसल्या, मीही आतल्या आत हसले. मातिल्द ते हळूहळू शिकली. कॉफी बरोबर पोचू लागली.

मग तो पावसाळी दिवस आला. विमान वार्नाला उतरत होतं. चाकं टेकली तशा नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या, कारण विमान नीट उतरलं की टाळ्या वाजवायच्याच, ही इथली रीत. टाळ्या चालू असतानाच विमान घसरलं. धावपट्टी सोडून शेतात शिरलं, दणके खात गेलं आणि कलून थांबलं. टाळ्यांच्या जागी किंकाळ्या आल्या. पुढून धूर येऊ लागला आणि वैमानिकाचा हुकूम आला, सगळ्यांनी बाहेर पडा.

आता माझी पाळी, मला वाटलं. पण दार उघडेना.

जे मला दिसलं नाही, ते मागाहून या दोघींच्या तोंडून ऐकलं. कालिनाच्या दाराबाहेर आग होती. "हे दार नाही! मागे व्हा!" ती हात पसरून ओरडत होती. उरलं माझं दार. बाहेर आग असेल तर तेही उघडायचं नसतं, म्हणून मातिल्द आधी दाराच्या काचेतून बघायला गेली. पण काच शेतातल्या चिखलाने लिंपून गेली होती. शेवटच्या रांगेत, त्याच बाजूच्या खिडकीशी ग्रोझदान नावाचे आजोबा बसले होते. त्यांची खिडकी स्वच्छ होती.

"आजोबा, तुमच्या बाजूला बाहेर मोकळं आहे ना? उघडू दार?" मातिल्दने दाराकडे बोट दाखवत इंग्रजीत विचारलं.

उत्तर ऐकू आलं नाही. नुसता खोकला. मी कान टवकारून पडून राहिले. माझ्या आणि त्या माणसांच्या मध्ये एक पातळ पत्रा होता. त्यांच्या पायांचे धक्के मला लागत होते, आणि मला काहीच करता येत नव्हतं.

"इकडेही नाही! थांबा!" मातिल्द ओरडली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पुढे धूर, एकीकडे आग, आणि लोक आमच्या कोपऱ्यात दाटीने अडकलेले. एक बाळ रडत होतं, मग त्याचं रडणंही खोकल्यात बुडालं. मित्रांनो, त्या क्षणी मला पेन्काबाईंची पुटपुट आठवली आणि रडू आलं. इतकी वर्षं मी बाहेर पडायची वाट पाहिली, आणि आता माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी तरी कुणी दार उघडावं म्हणून तडफडत होते.

तेवढ्यात आजोबांची बायको त्यांच्यावर खेकसली, "अहो, तोंडाने बोला की! नुसती काय मान हलवता?"

हे बोलणं इथल्या भाषेतलं, ते मातिल्दला कळलं नाही. कालिनाला कळलं. तिने मागे वळून पाहिलं. आजोबा तोंडावर रुमाल धरून जोरजोरात मान डावीकडे-उजवीकडे हलवत होते. जितकी जोरात हलवत, तितकी मातिल्द दाराला जास्तच चिकटत होती. घाबरल्यावर बिचारी आपल्या आईच्या घरची मान वाचत होती.

"अगं, ते हो म्हणतायत!" कालिना किंचाळली. "मोकळं आहे! उघड!"

दार उघडलं. मी कोसळले, वायू अंगात शिरला आणि अंग ताणलं गेलं. पहिल्यांदाच उजेड पाहिला. "बॅगा टाका! उडी मारा!" माणसं माझ्यावरून चिखलात उतरत गेली. बाळही उतरलं, खोकत खोकत पुन्हा रडायला लागलं, आणि तो आवाज मला फार गोड लागला. एका बाईच्या उंच टाचेने मला चीर पाडली, तरी शेवटच्या माणसापर्यंत मी तग धरला. मातिल्द सगळ्यांत शेवटी उतरली. चिखलात बसून ती आजोबांचे हात धरून रडत राहिली. आजोबा तिच्या पाठीवर थोपटत होते.

त्या चिरेमुळे माझी नोकरी सुटली. आता मी विमानातलं काम शिकणाऱ्या मुलामुलींच्या दालनात दिवसभर फुगून असते. ती पोरं हसत घसरतात. घड्या नाहीत, अंधार नाही, तरीही कधीकधी मला तो पत्रा आणि त्यामागचा तो खोकला आठवतो.

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. विमानात बसलात की आपलं दार कुठे आहे ते पाहून ठेवा, आणि पळायची वेळ आली तर बॅगेचा मोह धरू नका. दारापाशी उभ्या असलेल्या माणसाने काही विचारलं, तर मोठ्याने, तोंडाने सांगा. आत माझ्यासारखी एखादी घडी होऊन बसलेली असते. तिला तुमची मान दिसत नाही.