नमुन्याबरहुकूम

मी कापडाचा एक तुकडा बोलतोय. लांबी वीतभरसुद्धा नाही, कडा नागमोडी कातरलेल्या, पाठीवर नंबराची चिकटपट्टी. रंग मेंदीचा, अंगावर आखूड मऊ लव. दुकानदार मला नमुना म्हणतात. माणसं हा शब्द एकमेकांना चिडवायलाही वापरतात, हे पुढे कळलं. मी मनावर घेतलं नाही.

सुरतेकडच्या एका मिलमध्ये माझा जन्म झाला. आमचं थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, लांबलचक होतं. त्याच्या शेवटाकडून मला कापलं, भोक पाडलं आणि वेगवेगळ्या रंगांच्या भावंडांबरोबर एका कॅटलॉगात ओवलं. थान कुठे गेलं, मला माहीत नाही. मी आलो उल्हासनगरला, हरेश शेठच्या सोफ्यांच्या दुकानात, आणि काउंटरशेजारच्या खिळ्याला लटकलो.

दोन वर्षं लटकलो. तेवढ्या काळात माणसांचे हात पुष्कळ वाचले. माणसं कापड डोळ्यांनी बघतात, पण ठरवतात अंगठ्याने. नवरे चिमटीत धरून "चालेल" म्हणतात. बायका आधी सुलट, मग उलट हात फिरवतात आणि मग नवऱ्याकडे बघतात. लहान मुलं चावतात. "धुतल्यावर रंग जाईल का?" हे सगळे विचारतात आणि "कुछ नहीं होगा" हे उत्तर सगळ्यांना मिळतं. काय उत्तर येणार, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी ऐकून बरं वाटतं.

एका दुपारी बकुळाबाई आल्या. बरोबर मुलगा सुयोग, अंबरनाथला एका कंपनीत पाळीवर जाणारा. त्याचं लग्न ठरलं होतं आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यात नवा फ्लॅट घेतला होता. बकुळाबाई देशावरून लग्न होऊन अंबरनाथच्या भाड्याच्या खोलीत आलेल्या. तिथली लोखंडी खाट, पत्र्याची पेटी, टेबलफॅन, सगळं कुणाचं तरी आलेलं किंवा कुणी तरी ठरवलेलं. घरात येणारी वस्तू त्यांनी स्वतः पसंत करायची, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मला हात लावण्याआधी त्यांनी तो पदराला पुसला. तसं तोवर कुणीच केलं नव्हतं.

"सशाच्या अंगावर हात ठेवल्यावानी वाटतंय रे," त्या म्हणाल्या.

"आई, मळेल तो. हा चकचकीत घे."

"मळू दे. धुवीन."

"सोफा म्हणजे काय गोधडी आहे धुवायला?"

शेठ हसले. बकुळाबाईंनी मला सोडलं नाही. "हा एवढा तुकडा देता का? घरी बघायला." शेठनी दोरी कापली आणि मला त्यांच्या हातावर ठेवलं. "ले जाओ माँजी. इसी का बनेगा."

हे तीन शब्द किती मोठे होते, ते तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

मी त्यांच्या शिवणाच्या डब्यात राहायला गेलो. लग्नाच्या चार दिवस आधी सोफा आला, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. घरात हळदीची गडबड. "प्लास्टिक राहू दे, हळदीचे हात लागतील," बकुळाबाई म्हणाल्या. मग पूजा झाली, मग पाहुणे. मग हवा दमट आहे, जरा ऊन पडू दे. तीन महिने गेले. येणारा प्रत्येक जण त्या प्लास्टिकवरून हळूहळू घसरायचा आणि उठताना पाठीचा चर्र आवाज व्हायचा. शेजारणींना सांगणं मात्र चालूच होतं, "आतून सशासारखा आहे."

आता माधवीविषयी सांगतो. सुयोगची नवी बायको, उल्हासनगरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बोलणं बेताचं. पहिल्या महिन्यात ती माणसांपेक्षा कुकरशी जास्त बोलली असेल. निदान तो मधूनमधून उत्तर तरी द्यायचा. एकदा सुई शोधताना तिला मी सापडलो.

"आई, पुस्तकात खुणेला घेऊ हा?"

"घे की. आपल्या सोफ्याचाच आहे."

असा मी व्यापारी कायद्याच्या पुस्तकात शिरलो, आणि खरं सांगतो, तिथे माझे डोळे उघडले.

दोन वर्षं दुकानात काढून मला वाटायचं, खरेदी म्हणजे नुसती घासाघीस. पुस्तकात पाहतो तर प्रत्येक 'देता का' आणि 'घ्या' यांच्या खाली केवढं बांधकाम. एकाने विचारायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं, की दोघांच्या मध्ये न दिसणारी गाठ बसते. सही नको, साक्षीदार नको. चहाच्या टपरीवर "एक कटिंग" म्हटलं आणि समोरच्याने ग्लास पुढे केला, की करार झाला. बदलापुरात एका सकाळी असे किती करार होत असतील, आणि कुणाला पत्ताही नसतो.

पुस्तक इंग्रजीत होतं. माधवी लसूण सोलता सोलता वाचायची आणि स्वतःला मराठीत समजावायची, जरा मोठ्याने. बकुळाबाई भाजी निवडत ऐकायच्या. उदाहरणांत सगळीकडे अ आणि ब. अ ब ला घोडा विकतो. अ ब ला दुसरा घोडा विकतो. घोडा आजारी निघतो.

"हा अ कोण गं?" एकदा बकुळाबाईंनी विचारलंच. "इतके घोडे आणतो कुठून? आणि ब ला अजून अक्कल कशी नाही?"

माधवी पहिल्यांदा त्या घरात खळखळून हसली. "आई, अ म्हणजे विकणारा. ब म्हणजे घेणारा. कुणीपण. सोफा घेतला तेव्हा ब तुम्ही होतात."

"मी?" त्यांच्या हातातली मेथीची जुडी थांबली. "माझ्यासारखीचं पण लिहून ठेवलंय त्यात?"

"शंभरेक वर्षांपूर्वीच."

त्यानंतर त्या जवळ सरकून बसायला लागल्या.

मग ते पान आलं. नमुना दाखवून विकलेला माल पूर्णपणे नमुन्यासारखाच असला पाहिजे, आणि घेणाऱ्याला तो नमुन्याशी ताडून बघण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. मी त्याच पानावर होतो. माझ्यासारख्या वीतभर चिंधीसाठी कुणी तरी बसून, विचार करून, कायद्यात कलम लिहिलं होतं. मी थानातून वेगळा झालो तेव्हा वाटलं होतं की आपण उरलंसुरलं. इथे तर अख्ख्या थानाने माझ्याकडे बघून खरं ठरायचं होतं.

माधवीनेही वाचता वाचता माझ्याकडे पाहिलं. बकुळाबाई दळण आणायला गेल्या होत्या. ती उठली, सोफ्याच्या मागच्या बाजूचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सोडवलं आणि आत हात घातला. मग मला तिथे लावलं.

रंग साधारण माझाच. पण कापड गुळगुळीत, कडक, नखाने करकर वाजणारं. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दोन दिवस ती गप्प राहिली. नवी सून सासूच्या पसंतीत खोट कशी काढणार? तिसऱ्या दिवशी बकुळाबाई शेजारणीला परत सशाचं सांगत होत्या, तेव्हा तिला राहवलं नाही. शेजारीण गेल्यावर तिने सासूचा हात धरून प्लास्टिकच्या आत नेला.

बकुळाबाईंचा हात तिथे बराच वेळ होता. मग त्यांनी तो बाहेर काढला आणि तळवा बघितला.

"माझाच हात राठ झाला असंल गं," त्या म्हणाल्या. "भांड्याच्या पावडरीनं कळंनासं झालंय."

मी खूप हात पाहिलेत. पण स्वतःच्या हातावरच दोष घेणारं माणूस तोवर पाहिलं नव्हतं.

माधवीने त्यांचा दुसरा हात घेतला आणि त्यात मला ठेवलं. "आता दोन्ही हातांनी बघा."

एक हात सोफ्यावर, एक माझ्यावर. त्यांनी डोळे मिटले, मग हात बदलले आणि परत बघितलं.

"हात चांगलाच आहे आई तुमचा," माधवी म्हणाली. "कापड दुसरं आहे."

संध्याकाळी सुयोग म्हणाला, "जाऊ दे ना. बसायचंच तर आहे. तीन महिन्यांनी कोण बदलून देतं?" दुसऱ्या दिवशी बकुळाबाई चांगली साडी नेसून माधवीबरोबर निघाल्या.

रिक्षात मी माधवीच्या मुठीत होतो आणि मूठ घामेजलेली होती. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिने सासूला सांगितली नव्हती. त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं, की वाजवी वेळ उलटूनही माल ठेवून घेतला आणि तक्रार केली नाही, तर घेणाऱ्याने तो स्वीकारला असं धरतात. म्हणजे कायदा त्यांच्या बाजूने होता आणि विरुद्धही. वाजवी म्हणजे किती? वर्गात कुणी तरी हेच विचारलं होतं. सर म्हणाले होते, आकडा नाही दिलेला; तो माल, ती माणसं, तिथली रीत बघून ठरवायचं. मला याचंच सगळ्यात नवल वाटलं. एवढा मोठा कायदा, आणि मधोमध एक जागा रिकामी सोडलेली, माणसं कशी वागतात ते बघून भरायला.

दुकान तेच होतं. माझी भावंडं खिळ्याला तशीच लटकत होती.

"तीन महिना बसले माँजी, अब बोलते हो?" शेठ म्हणाले. आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "माल बघून घेतला ना तुम्ही?"

"प्लास्टिकवर बसलो," बकुळाबाई म्हणाल्या.

"तो प्लास्टिक निकालने का था ना. इतना टाइम कौन रखता है?"

मला वाटलं, संपलं. मग माधवी हळूच म्हणाली, "शेठ, तुमच्या खुर्चीचं कधी काढणार?"

शेठनी खाली पाहिलं. ज्या खुर्चीसमोर मी दोन वर्षं लटकलो, तिच्या पाठीवर आणि हातांवर कंपनीतून आलेलं प्लास्टिक तसंच होतं, कडेला पिवळं पडलेलं. मागे सोफ्याला खिळे मारणारा कारागीर तोंड फिरवून हसला.

"दिवाली को निकालेंगे सोचा था."

"कुठल्या?" बकुळाबाईंनी विचारलं.

आता शेठ स्वतःच हसले. माधवीने मला काउंटरवर ठेवलं. "हा दाखवून तुम्ही म्हणालात, इसी का बनेगा. आपल्याकडे सगळेच प्लास्टिक ठेवतात, तुम्हालाही माहितीये. मग ताडून बघायला आम्हाला वेळ कुठे मिळाला? दिसलं तसं आलो."

शेठनी मला उलटं केलं. नंबर त्यांच्याच अक्षरात होता. अंगठ्याने एकदा लव चोळली. "थान खतम हो गया था. शादी का टाइम, आपके लड़के का फोन पे फोन. कारीगराने मिळतंजुळतं लावलं. मला वाटलं, कोण बघतं."

"मी बघते," बकुळाबाई म्हणाल्या. "हात लावून बघते."

शेठनी मिलच्या माणसाला फोन लावला. ठेवल्यावर माधवीला म्हणाले, "आप वकील हो?"

"नाही. बी.कॉम. दुसरं वर्ष. परीक्षा व्हायचीय अजून."

"परीक्षेच्या आधीच हे?" शेठ म्हणाले. "बाद में आओगे तो बता के आना."

सोफा जाऊन परत यायला काही दिवस लागले. आला तेव्हा बकुळाबाईंनी तो दारातच थांबवला. माणसं जिन्यात तोलून उभी, आणि यांचा एक हात माझ्यावर, एक त्याच्यावर. मीही त्या कापडाला पहिल्यांदाच भेटत होतो. एकाच वाणाचे होतो आम्ही; लव त्याच बाजूला झुकायची. आपल्यापेक्षा शंभरपट मोठं काही तरी अगदी आपल्यासारखं आहे, हे बघून काय वाटतं ते मला सांगता येत नाही.

"हं," बकुळाबाई म्हणाल्या. "घ्या आत."

आता माझं काम संपलं. माल जुळला की नमुन्याला कुणी विचारत नाही आणि तसंच असावं. तुमच्याकडे एक मागणं आहे. नवीन वस्तू घरी आली की तिला हात लावा. उलटा, सुलटा. आणि कापड वेगळं लागलं, तर आधी आपल्या हाताला दोष देऊ नका.

पहिले काही दिवस बकुळाबाई सोफ्याच्या कडेवरच बसायच्या, पाहुण्यासारख्या. परीक्षा जवळ आली आहे, माधवी दुसऱ्या टोकाला पाय दुमडून बसते आणि चेक आणि हुंडीचं प्रकरण मोठ्याने वाचते, कारण सासूने बजावलंय, "वाच, मला पण कळू दे." काल दुपारी वाचता वाचता तिने मान वर केली. बकुळाबाई पूर्ण मागे रेलल्या होत्या. तळवा कापडावर उघडा पडलेला, आणि झोप लागलेली.

माधवीने मोठ्याने वाचणं थांबवलं. मनातल्या मनात वाचत तिने पान उलटलं आणि मला पुढच्या प्रकरणात ठेवलं.