सख्ख्या बहिणीचं माप

घरातला जुना फोन वाजला तेव्हा ताई नुकतीच जेवायला बसली होती. तो फोन हल्ली फक्त चुकूनच वाजायचा. ओळखीच्या सगळ्यांकडे तिचा मोबाइल नंबर होता. तरीही तिने हा फोन काढून टाकला नव्हता, कारण एका माणसाला फक्त हाच नंबर माहीत होता.

पलीकडे एका इस्पितळातली डॉक्टर होती. मधुमेहावर चाललेल्या अभ्यासाचं काम तिच्याकडे होतं.

"तुमची धाकटी बहीण आमच्या अभ्यासात आहे," ती म्हणाली. "तिने तुमचं नाव दिलंय. पेशंटच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करतोय आम्ही. याल का?"

"ती बरी आहे ना?"

"अगदी छान. काळजीचं काही नाही."

"कुठे राहते ती?"

"ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला माहीत नाही का?"

"नाही," ताई म्हणाली. "पण मी येते. कधी येऊ?"

बहिणीला शेवटचं पाहून एकोणीस वर्षं झाली होती.

धाकटीला घरात चिमी म्हणत. ती आठ वर्षांची असताना अचानक वाळायला लागली. घटाघटा पाणी प्यायची, तरी तहान भागायची नाही. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. इस्पितळात कळलं की तिच्या शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडावर हत्यार उपसलं होतं. इन्शुलिन तिथे तयार होतं. आता ते होणार नव्हतं. रोज सुई, आणि ती जन्मभर.

आई सिरिंज हातात घ्यायची आणि तशीच परत ठेवून द्यायची. बाबा तर खोलीबाहेरच जायचे. चार दिवस शेजारच्या नर्सबाई येऊन टोचून गेल्या. पाचव्या दिवशी त्या आल्याच नाहीत, आणि बारा वर्षांच्या ताईने सुई उचलली. चिमीने डोळे घट्ट मिटून दहा आकडे मोजायचे, आणि ताईने मुद्दाम सातलाच टोचायचं, असं ठरून गेलं. दरवेळी चिमी ओरडायची, "लबाड! अजून तीन बाकी होते!" आणि मग दोघी हसायच्या. पुढे ती स्वतः टोचायला शिकली, तरी रात्रीची सुई ताईकडेच राहिली. "तुझ्या हाताचं दुखत नाही," ती म्हणायची. पंधरा-सोळा वर्षं ते चाललं.

आईबाबा एकामागोमाग गेले. चिमी नकाशे छापणाऱ्या छापखान्यात नोकरीला लागली, आणि तिथल्याच एकाशी तिचं लग्न ठरलं. आजाराचं त्याला अजून सांगितलेलं नव्हतं. "सांगेन गं," ती म्हणायची. "माझी मी सांगेन." महिना गेला, दोन गेले. ताईला झोप लागेना. आईच्या जागी आपणच आहोत, उद्या बोल आपल्यालाच लागेल, असं तिच्या डोक्यात घोळत राहिलं. शेवटी एका दुपारी ती मुलाच्या आईला भेटली आणि सगळं सांगून आली. आठ दिवसांत लग्न मोडलं.

चिमी रडली नाही. तिने बॅग भरली.

"मी त्याला माझ्या शब्दांत सांगणार होते," ती म्हणाली. "तेवढंही तू माझ्याकडे ठेवलं नाहीस. सुया टोचल्यास तेवढ्या पुरे होत्या, ताई."

त्यानंतर पत्ता नाही, पत्र नाही. ताईने छापखान्यात चौकशी केली. चिमीने नोकरीही सोडली होती. सुरुवातीची दोन वर्षं ताई रस्त्यात पाठमोऱ्या बायकांकडे बघत चालायची. मग तेही सुटलं. ताईचं लग्न जमलं नाही आणि तिनेही जमवलं नाही. फक्त रात्री, पूर्वीच्या सुईच्या वेळेला, हात उगाच रिकामे वाटायचे. मग ती काहीतरी धुवायला काढायची.

कामही धुण्याचंच होतं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत ती सतरा वर्षं होती. इस्त्रीच्या गरम रुळांमधून चादर बाहेर आली की एक टोक ताईने धरायचं, दुसरं तिच्या जोडीदारणीने. सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची सवय, म्हणून या जोडीदारणीला सगळे घड्याळबाई म्हणत.

"सुट्टी? तुला?" घड्याळबाई म्हणाली. "ताप असला तरी येतेस तू!"

"तपासणी आहे. बहिणीच्या आजारासाठी."

घड्याळबाईच्या हातातलं टोक सुटलं. "सतरा वर्षं तुझ्यासमोर उभी आहे मी. तुला बहीण आहे हे आज सांगतेस होय गं!"

ताईने टोक उचलून तिच्या हातात दिलं.

तपासणीच्या दिवशी ती तासभर आधीच पोचली. प्रतीक्षाकक्षात सहा खुर्च्या होत्या. दार उघडलं की ती मान वर करून बघायची. एक आजोबा आले, मुलीला घेऊन एक बाप आला. चिमी आली नाही.

एमआरआय यंत्राच्या बोगद्यात तिला उताणं झोपवलं. पोटावर एक जाड पट्टा बांधला. "श्वास सोडा आणि धरून ठेवा," कानातल्या आवाजाने सांगितलं, आणि धडधड सुरू झाली. हालायचं नव्हतं. याच बोगद्यात, याच गादीवर चिमी निजली असेल, हे मनात आलं आणि तिचा श्वास सुटला. ते चित्र पुन्हा घ्यावं लागलं.

महिन्याभराने डॉक्टरने तिला बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. जठराच्या मागे आडवं पहुडलेलं, एखाद्या वाकड्या पानासारखं करडं काहीतरी. त्याची कड पिवळ्या रेषेने आखली होती.

"हे तुमचं स्वादुपिंड. तुमच्या बहिणीसारखा मधुमेह असणाऱ्यांमध्ये हे बरंच लहान दिसतं. कधी कधी आजार कळतो तेव्हाच लहान असतं. आता प्रश्न असा आहे, की ते आजारामुळे आटतं, की आधीपासूनच लहान असतं? म्हणून भावंडांची मापं घेतोय."

"माझं किती?"

"अठ्ठावन्न मिलिलिटर. तुमच्या अंगकाठीला सत्तरच्या आसपास असायला हरकत नव्हती. पण माणसागणिक फरक असतो. यावरून तुम्हाला मधुमेह होईल असं मुळीच नाही."

"म्हणजे माझंही लहान आहे?"

"थोडंसं. भावंडांमध्ये असं आढळतं."

दुसरं कुणी घाबरलं असतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की दोघींमध्ये आता काहीएक सारखं उरलेलं नाही.

"तिचं चित्र बघू शकते?"

"तिच्या परवानगीशिवाय नाही."

"मग एक चिठ्ठी तरी द्याल?"

डॉक्टरने कागद पुढे केला. ताईने तीनदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच उरलं: 'चिमे, सांगायचा हक्क तुझा होता. मी तो घेतला. चुकले. ताई.'

चिठ्ठी पोचली असं कळलं. उत्तर आलं नाही. ताईने फोनचं स्टूल पलंगाजवळ ओढून घेतलं. रिसीव्हर नीट ठेवलाय ना, हे ती कामावर जाताना दोनदा बघायची. असे अकरा महिने गेले. मग इस्पितळातून दुसऱ्या वर्षीच्या तपासणीची तारीख आली.

या वेळी ती लवकर गेली नाही. आशा धरायची नाही असं ठरवून, अगदी वेळेवर पोचली. खिडकीजवळच्या खुर्चीत आखूड केसांची, चष्मा लावलेली एक बाई बसली होती. दंडावर रक्तातली साखर मोजणारी, रुपयाएवढी गोल पांढरी चकती चिकटवलेली. ताईने आधी चकती पाहिली, मग चेहरा.

"उशीर केलास," चिमी म्हणाली. "मला वाटलं, तासभर आधी येऊन बसशील."

ताईला बसवेना आणि उभंही राहवेना. "तूच ठरवलीस ही तारीख?"

"हो."

"आणि माझं नाव का दिलंस?"

"फॉर्मवर रकाना होता. सख्खं भावंड: आहे की नाही. खोटं कसं लिहू?"

ताई शेजारच्या खुर्चीत बसली. बराच वेळ तिची नजर त्या चकतीवरून हटेना.

"सुई नाही लागत आता?"

"लागते. इन्शुलिनचा पंप आहे, त्याची सुई तीन दिवसांनी एकदा बदलायची. यंत्रात जायचं म्हणून पंप काढून ठेवलाय. माझी मी करते." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सुरुवातीला फार दुखायचं, ताई. एकटीने."

ताईने तोंडावर हात धरला.

"माफ केलं, असं मला म्हणता येत नाही," चिमी म्हणाली. "प्रयत्न करून बघितला. पण रागावून रागावून कंटाळा आलाय. एवढं खरं आहे."

तपासण्या झाल्यावर चिमीने परवानगीच्या कागदावर सही केली, आणि डॉक्टरने गेल्या वर्षीची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. ताईचं अठ्ठावन्न. चिमीचं एकेचाळीस. कड आखणाऱ्या पिवळ्या रेषा दोन्हीकडे निमुळत्या टोकाशी सारख्याच वळल्या होत्या, किंवा ताईला तसं वाटलं.

चिमी चष्मा वर सरकवून पुढे वाकली. "बघा! इथेही मोठा तुकडा हिचाच."

आधी डॉक्टरला हसू फुटलं. मग ताईला.

बाहेर पडल्यावर ताई म्हणाली, "घरी चल ना."

"नको. इतक्यात नको." चिमीने मोबाइल काढला. "तुझा नंबर दे. तो जुना फोन टाक आता. वाजत राहतो आणि तू बाथरूममध्ये असतेस."

"तुला काय ठाऊक?"

"सहा-सात वेळा केला होता. दोन-तीन वर्षांच्या अंतराने. तू 'हॅलो' म्हणालीस की ठेवायचे."

ते चुकून लागलेले फोन! ताई तिथेच फूटपाथवर थांबली. काही बोलायच्या आत चिमीची बस आली आणि ती चढली.

तीन आठवड्यांनी मेसेज आला: 'रविवारी ये. जेवायला नको, चहाला.' खाली पत्ता होता. रेल्वेने दोन तासांवरचं गाव.

ताई गेली. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर नकाशे, खिडकीत मिरचीचं रोप. चिमीने चहा केला, स्वतःचा बिनसाखरेचा. ताईने कुठल्याच गोष्टीची चौकशी केली नाही. एका फोटोत चिमी समुद्रकाठी कुणाचा तरी हात धरून हसत होती, आणि हात कुणाचा ते चौकटीत नव्हतं. तो फोटो बघताना तिला कळलं की ही वीस वर्षं कुणी समोर बसून सांगितली, तरी आपल्याला मिळणार नाहीत.

"साखर किती घालू?" चिमीने विचारलं. "विसरले मी."

"दोन चमचे," ताई म्हणाली.